बेळगावचा माणूस, कुंडल रोडचे स्टेशन

पुण्याच्या गाडीत बसलो की आपल्याला स्टेशने पाठ असतात. पाच्छापूर, गोकाक रोड, घटप्रभा, चिकोडी रोड, रायबाग, कुडची, उगार, शेडबाळ आणि मग मिरज. निपाणीकरांच्या नशिबी मात्र गावात स्टेशन नाही. त्यांना चिकोडी रोड तरी गाठावे लागते, नाहीतर सरळ कोल्हापूर. मिरजेला चहा होतो, डब्यातली निम्मी मंडळी पांघरुणे ओढून घेतात आणि बहुतेक वेळा त्यानंतरची स्टेशने झोपेतच मागे पडतात. सांगली, नांद्रे, भिलवडी आणि मग एक लहानसे स्टेशन, ज्याच्या पिवळ्या पाटीवर किर्लोस्करवाडी असे लिहिलेले आहे.

या पाटीकडे पाहिले की आमच्या पिढीच्या बेळगावकराला थोडे अभिमानाने आणि थोडे खजील झाल्यासारखे वाटते. अभिमान यासाठी की तो माणूस आपला. खजील होण्याचे कारण असे की त्याच्या नावाची वाडी आणि स्टेशन इथून दीडशे किलोमीटरपेक्षा दूर झाले, आणि ते तिकडे का झाले याचे उत्तर आपल्याच गावात आहे. नातवंडांना किर्लोस्कर म्हटले की विहिरीवरचा पंप आठवतो. आम्हाला घरी येणारी ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिके आठवतात. पण लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर हा माणूस कोण, तो इथून का गेला, हे घरात सांगायचे राहूनच गेले असे दिसते. म्हणून यंदाच्या अंकात त्यांची गोष्ट.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. आपल्याकडे नाटकवेड्या मंडळींना हे गाव आधीच ठाऊक असते, कारण ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावात १८४३ मध्ये जन्मले. घराणे एकच, मूळ कोकणातल्या किर्लोसी गावचे. एका लहान गावाने एका घराण्यात मराठी संगीत नाटकाचा एक आद्य पुरुष आणि मराठी यंत्रधंद्याचा एक आद्य पुरुष द्यावा, हा योग आम्हाला नेहमीच नवलाचा वाटत आला आहे. कन्नड बोलणाऱ्या मुलखातले ते गाव आणि त्यातले हे मराठी घर. सीमेवरच्या आपल्या लोकांना यात नवे काही नाही.

लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाचे डोके मात्र पोथीत रमेना. त्याला दोनच गोष्टींची ओढ, चित्रे काढण्याची आणि यंत्रे उलगडून पाहण्याची. शाळेतली प्रगती बेताची. थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजे घरातले रामूअण्णा, यांनी धाकट्याची नड ओळखली, पाठीशी उभे राहिले आणि १८८५ मध्ये त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवले. तेव्हा बेळगावला आगगाडी आलेली नव्हती. सोळा वर्षांचा मुलगा चित्रकार होण्यासाठी मुंबईला जातो, हे त्या काळच्या घरात किती जणांच्या गळी उतरले असेल याचा अंदाज करावा!

दोन वर्षांनी कळले की त्याला काही रंगांतला फरक नीट दिसत नाही. चित्रकाराला याहून वाईट काय व्हायचे? रंग सुटले, रेषा तेवढी उरली. लक्ष्मणरावांनी यंत्रांच्या आराखड्यांचे, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंगचे शिक्षण चालू ठेवले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवण्याची नोकरी धरली. दिवसा शिकवायचे आणि उरलेल्या वेळात संस्थेतल्या यंत्रांशी झटायचे. पुढच्या आयुष्यात जे काही त्यांनी ओतले, कातले आणि जोडले त्याचे खरे शिक्षण तिथे झाले.

मुंबईत तेव्हा सायकल हे नवे खूळ होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला पाठवत आणि रामूअण्णा त्या विकत. १८८८ हे या धंद्याच्या आरंभाचे वर्ष धरतात. त्या वेळी एका सायकलला सातशे ते हजार रुपये पडत आणि रामूअण्णा चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये घेत, असे सांगतात. आकडा ऐकला की सायकल हे तेव्हा साहेबाचे आणि सरदाराचे वाहन होते हे ध्यानात येते. दुकानाचे नाव किर्लोस्कर ब्रदर्स. नावात भाऊ आहेत ते उगीच नाहीत. या गोष्टीत लक्ष्मणरावांइतकाच रामूअण्णांचाही वाटा आहे, आणि मोठ्या भावांच्या वाट्याला नेहमी येते तसे त्यांच्या वाट्याला नाव कमी आले.

याच सुमारास आपल्याकडे रूळ आले. सदर्न मराठा रेल्वेचा पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा हा मीटरगेज मार्ग १८९० च्या आसपास पूर्ण झाला. वाचकांनी ही तारीख मनात ठेवावी, कारण लक्ष्मणरावांचे पुढचे जवळजवळ सगळे आयुष्य या एकाच रुळावर घडले आहे.

१८९७ मध्ये संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियनाला देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगावला आले. सुरक्षित पगार सोडून माणूस गावी परतला की शेजारीपाजारी काय बोलतात ते आपल्याला सांगायला नको. सायकलींची विक्री आणि दुरुस्ती चालू होतीच. त्याला पवनचक्क्यांच्या एजन्सीची जोड दिली. पण दुसऱ्याने केलेला माल विकण्यात त्यांचे मन लागणारे नव्हते. एक लहानसा कारखाना टाकला आणि कडबा कापायचे यंत्र, ज्याला आपण कडबाकुट्टी म्हणतो, ते बनवायला घेतले.

ही निवड आम्हाला फार शहाणपणाची वाटते. बेळगाव, चिकोडी, रायबाग हा ज्वारीचा आणि जनावरांचा मुलूख. बैलापुढे अख्खी पेंढी टाकली तर तो पाला खातो आणि ताटे तुडवतो. बारीक करून दिली तर सगळी पोटात जाते. दुष्काळी वर्षी हा फरक जनावर जगण्यामरण्याचा असतो. मुंबईत शिकून आलेल्या माणसाने शोभेचे काही न करता गोठ्यात काय वाया जाते ते आधी पाहिले.

त्यानंतर लोखंडी नांगर. पहिला किर्लोस्कर नांगर १९०३ चा. त्याच वर्षी २८ मे रोजी त्यांच्या घरी शंतनुराव जन्मले, जे पुढे हा सारा पसारा सांभाळणार होते. मुलगा वाढत होता, नांगर मात्र जागचा हलेना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आज आपण हसतो, पण शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले तर त्याची भीती अगदीच वेडगळ नव्हती. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई, मोडला तर तोच सांधून देई, रोख पैसा लागत नसे. लोखंडी नांगराला रोकड हवी, ओढायला जादा बैल हवेत, आणि फाळ झिजला तर नवा कोण देणार? पिढ्यान्पिढ्यांची सोय सोडून अनोळखी लोखंडावर वर्षाचे पीक लावायचे, याला धीर लागतो.

लक्ष्मणरावांनी वाद घातला नाही. नांगर विकत राहिले, सुटे भाग हाताशी ठेवले आणि वाट पाहिली. काळ्या रानात हरळी माजली की लाकडी नांगर तिच्या मुळाशी पोचत नाही. लोखंडी नांगराने एकदा खोल नांगरट झाली, हरळीचे जाळे उन्हात उताणे पडून वाळले आणि शेजारच्या बांधावरून ते कोणी पाहिले, की समजूत आपोआप सैल होई. विक्री हळूहळू सुरू झाली. कारखान्याला आता जागा हवी होती आणि स्थैर्य हवे होते.

नेमके तेच गेले. बेळगाव नगरपालिकेला नवी वसाहत बसवायची होती आणि किर्लोस्करांचा कारखाना त्या जागेत येत होता. जागा सोडा, असे सांगण्यात आले.

या प्रसंगाबद्दल बोलताना आपण दोन्ही बाजूंनी न्याय करावा असे आम्हाला वाटते. शहर वाढत होते. प्लेगच्या साथींनी गल्ल्यांमधली दाटी जिवावर बेतते हे त्या काळी सगळ्याच शहरांना शिकवले होते. मोकळ्या हवेत घरे बांधायला जागा काढणे हे नगरपालिकेचे कामच होते, आणि त्या घरांमध्ये पुढे आपलीच माणसे राहिली. पण घरांचा नकाशा आखताना भट्टीवाल्याने जायचे कुठे, याचा विचार कोणाच्या मनात आलेला दिसत नाही. तेव्हाच्या बेळगावात वकील होते, सावकार होते, व्यापारी होते. नांगर ओतणारा माणूस हा गावाचा ठेवा आहे हे त्यांच्यातल्या फारच थोड्यांना कळले असावे. कारखाना म्हणजे धूर, खडखडाट आणि काळे हात. तो गेला तर बरेच, असे म्हणणारेही असतीलच. आणि त्यात आमचेही आजे-पणजे असतील, हे कबूल केलेले बरे.

चाळिशी गाठलेला माणूस, पत्नी राधाबाई, लहान मुले, पाठीशी भांडवल नाही, यंत्रे आहेत पण ती उभी करायला जमीन नाही. अशा वेळी त्यांना हात दिला तो औंधच्या राजाने.

औंधचे भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, १९०९ मध्ये गादीवर आले होते. सूर्यनमस्कारांच्या प्रसारामुळे त्यांचे नाव आपल्या आजोबांच्या पिढीला चांगले परिचयाचे होते. ते स्वतः चित्रकार. ज्याला रंगांनी नाकारले तो लक्ष्मणराव आणि जो आयुष्यभर रंगांत बुडून राहिला तो राजा, यांचे सूत जुळावे हे गमतीचे आहे. लक्ष्मणराव औंधला बांधकामाचे एक काम करत होते, त्यातून ओळख झालेली होती. अडचण कळताच बाळासाहेबांनी संस्थानात येऊन कारखाना काढा असे सुचवले, बत्तीस एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले.

आता स्टेशनाचा विषय येतो. औंध संस्थान एकसलग नव्हते, निरनिराळ्या तालुक्यांत तुकड्यातुकड्यांनी पसरलेले होते. राजधानी औंध रुळापासून आत. पण संस्थानातले कुंडल हे गाव असे होते की त्याच्या नावाचे स्टेशन पुणे–मिरज मार्गावर होते. स्टेशनाचे नाव कुंडल रोड. जुन्या रेल्वेच्या भाषेत नावापुढे ‘रोड’ आले की समजावे, गाव इथे नाही. इथे उतरा आणि पुढे बैलगाडी शोधा. आपले चिकोडी रोड तसेच आणि गोकाक रोडही तसेच. अशा स्टेशनावर उतरणारे पाच-दहा, चढणारे पाच-दहा आणि बाकी दिवसभर वारा.

लक्ष्मणरावांनी या स्टेशनाजवळची जागा घेतली. ती जागा शेतीला नालायक होती, निवडुंग माजलेला आणि सापांचा वावर. नांगर बनवणाऱ्याला मिळालेली जमीन नांगरायच्या लायकीची नसावी, यातली गंमत त्यांनाही कळली असेल. पण त्यांना रान नको होते, त्यांना रूळ हवे होते. ओतकामाला कच्चे लोखंड लागते, भट्टीला कोळसा लागतो आणि दोन्ही दुरून यायचे. तयार नांगर जड, बैलगाडीने शंभर कोस न्यायचा म्हटले तर किमतीपेक्षा भाडे जास्त. मालाच्या डब्यात चढवला की तो पुणे, नगर, हुबळी, धारवाड, कुठेही जाऊ शकतो. पाऊस असो की नसो, राजा खूश असो की नसो, गाडी येणार आणि जाणार. ज्याला एका गावाने उठवले होते, त्याने या वेळी गावाच्या भरवशावर न राहता रुळाशेजारी मुक्काम ठोकला.

१० मार्च १९१० रोजी वाडीचा आरंभ झाला. पंचवीस कामगार आपापली बायकामुले घेऊन आले. निवडुंग तोडणे, साप मारणे, छपरे घालणे, यंत्रे बसवणे हे सगळे बरोबरच चालले. शंतनुराव तेव्हा सात वर्षांचेही नव्हते. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याच्या नावातच निवडुंग आणि गुलाब घातले. लहानपणी पाहिलेले ते रान माणूस विसरत नाही.

रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि व्यवस्था अंगावर घेतली. लक्ष्मणरावांनी भोवती जमवलेली माणसे मात्र पाहण्यासारखी आहेत. शंभोराव जांभेकर यंत्रे जाणणारे. मंगेशराव रेगे हिशेब आणि पत्रव्यवहार पाहणारे. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण डोक्यातून नवीनवी यंत्रे काढणारे. के. के. कुलकर्णी परीक्षांत नापास झालेले, आणि व्यवहारात कोणतेही अडलेले काम मार्गी लावणारे. आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी वाडीच्या राखणीवर नेमले, आणि त्यांनी ती इमानाने केली. माणसाचा दाखला न पाहता हात पाहायचे, असा हा हिशेब होता. ते स्वतः शाळेत बेताचे आणि चित्रकलेत अर्ध्यावर अडलेले. म्हणून असेल कदाचित.

वाडीत शिवाशीव चालणार नाही हे सुरुवातीपासून ठरलेले होते. १९१० च्या मानाने ही गोष्ट केवढी मोठी, हे आज लक्षात येत नाही. ज्या काळी गावोगाव पाणवठे वेगळे होते, त्या काळी रेल्वेच्या डब्यात मात्र तिकीट काढलेला माणूस शेजारी येऊन बसे. कारखान्यात तर एकाच भट्टीसमोर उभे राहायचे असते. लक्ष्मणरावांनी समाजसुधारणेवर व्याख्याने दिली नाहीत. वसाहत नवी असल्याने जुने नियम आत येऊच दिले नाहीत, एवढेच.

मग पहिले महायुद्ध आले. परदेशी माल थांबला, त्यामुळे देशी नांगराला मागणी वाढली, आणि त्याच वेळी लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. दारात गिऱ्हाईक आणि भट्टी रिकामी. ती वर्षे त्यांनी जे मिळेल त्यावर कारखाना चालू ठेवून काढली. १५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदली गेली. नांगराशेजारी आता उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रे, हातपंप असा माल निघू लागला आणि १९२६ च्या सुमारास विहिरीवरचे पंप. मोटेने पाणी काढणाऱ्या मुलखात पंप म्हणजे काय, हे ज्यांनी पहाटे तीनला उठून मोट हाकली त्यांनाच विचारावे.

याच १९२० साली पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. गिऱ्हाइकांना कारखान्याच्या बातम्या कळवणारे ते पत्रक. त्याचे मासिक झाले, मग १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’. मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांना विचार करायला लावणारी ही मासिके मुंबई-पुण्यात जन्मली नाहीत. निवडुंगाच्या रानात उठवलेल्या नांगराच्या कारखान्यातून ती निघाली, आणि गठ्ठे त्याच लहान स्टेशनावरून गाडीत चढले. आमच्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावर अजून त्यांचे बांधीव अंक असतील. बाहेर काढून पत्ता पाहावा.

स्टेशनाचे नाव पुढे बदलले. कुंडल रोड जाऊन किर्लोस्करवाडी आले. देशात असे आणखी एक उदाहरण आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे. टाटांचा पोलादाचा कारखाना साकची गावी उभा राहिला, १९१९ मध्ये त्या गावाचे जमशेदपूर झाले आणि जवळच्या कालीमाटी स्टेशनाचे टाटानगर. तो पसारा मोठा आणि मागे टाटांचे भांडवल. इकडे मागे दहा हजारांचे कर्ज होते. नकाशावर नाव उमटण्याची रीत मात्र सारखीच. आपल्याच मार्गावर कऱ्हाडचे स्टेशन ज्या ओगलेवाडीत आहे तिचीही गोष्ट या जातीची. ओगले बंधूंनी तिथे काचेचा कारखाना काढला आणि त्यांचे प्रभाकर कंदील आमच्या लहानपणी वीज गेली की घरोघर लागत. त्यांनाही औंधच्याच राजाचा आश्रय. एका लहानशा संस्थानाच्या राजाने एकाच रुळावर दोन वाड्या वसवल्या. आपल्या बाजूला उगारला साखर कारखाना झाला, तोही स्टेशनाच्या कडेला. पुण्याच्या गाडीतून दिवसा जाणाऱ्याने एकदा खिडकीशी बसून या मार्गावरच्या कारखान्यांचा इतिहास मोजावा. प्रवास लांब वाटणार नाही.

शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या प्रख्यात तंत्रविद्यालयात शिकून १९२६ मध्ये परतले आणि पुढच्या पिढीने पसारा वाढवला. १९४१ मध्ये म्हैसूर किर्लोस्कर हा यंत्रांची यंत्रे बनवणारा कारखाना हरिहरला उभा राहिला. १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांचा आणि बेंगळूरला विजेच्या मोटारींचा. या तीन गावांची नावे एका ओळीत लिहा आणि मधे बेळगाव आणि किर्लोस्करवाडी घाला: पुणे, किर्लोस्करवाडी, बेळगाव, हरिहर, बेंगळूर. तो जुना मीटरगेजचा रस्ता आपोआप समोर येतो. पुण्यातून निघून हुबळीवरून बेंगळूरला जाणाऱ्या त्याच रुळावर किर्लोस्करांचा संसार मांडलेला आहे. त्या ओळीतले एकच गाव असे की जिथे धंदा सुरू झाला आणि जिथून तो उठवला गेला.

या ओळीत मराठी मुलूख कुठे संपतो आणि कन्नड मुलूख कुठे सुरू होतो, हे लक्ष्मणरावांनी कधी मोजले नसावे. जन्म कन्नड गावात, घरी मराठी, कारखाना औंध संस्थानात आणि मुलाबाळांचे कारखाने म्हैसूर संस्थानापर्यंत. त्यांना सीमा लागली ती नगरपालिकेच्या नकाशातली. आपल्याला लागली ती वेगळी. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. त्यानंतर छत्तीस दिवसांनी, १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. ज्या जिल्ह्यात ते मुंबई इलाख्यातले म्हणून जन्मले, तो जिल्हा त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या राज्यात गेला नाही, महिनाभराच्या अंतराने गेला. आपल्या घरांमध्ये १९५६ या सालाला काय अर्थ आहे ते वाचकांना सांगण्याची गरज नाही. त्या सालाशी लक्ष्मणरावांचीही तारीख जोडलेली आहे, हे मात्र आमच्या ध्यानात फार उशिरा आले.

१९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने तिकीट काढले. बेळगावात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. रामदेव गल्लीतून पुढे गेले की किर्लोस्कर रोड. गणपतीच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. कपडे, भांडी, मिठाई, मखरासाठी लागणारे सामान. त्या गर्दीत पिशव्या सांभाळत चालणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की या रस्त्याचे नाव सायकलींच्या एका दुकानावरून आले, आणि त्या दुकानात दोन भाऊ एकमेकांच्या आधाराने उभे होते?

बेळगावने पुढे धडा घेतला नाही असेही म्हणता येणार नाही. उद्यमबागेत आज फौंड्र्या आहेत, सुटे भाग ओतणारी आणि कातणारी माणसे आहेत, आणि त्यांचा माल देशभर जातो. त्यातल्या पुष्कळांनी लेथवर पहिला हात बसवला तो कोणाच्या तरी पत्र्याच्या शेडमध्ये. अशा एखाद्या शेडवर उद्या नवी वसाहत यायची ठरली, तर आपण सभेत उठून काय बोलू, हा विचार हा लेख लिहिताना आमच्या मनात वारंवार आला. आपली मुले पुण्याला आणि बेंगळूरला गेली आहेत, त्याच रुळावरून. सुट्टीला येतात, गणपतीला येतात, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सामान बांधतात.

त्यांना पोचवायला स्टेशनावर गेलो की हल्ली आम्ही एवढे सांगतो, मिरज सुटल्यावर जागा असलास तर डाव्या-उजव्या खिडकीतून बघ, भिलवडी गेल्यावर एक स्टेशन येईल. नातू विचारतो, तिथे गाडी थांबते का? काही गाड्या थांबतात, काही नाही. उतरायचे असेल तर आधी चौकशी करून तिकीट काढावे.